पंचेचाळीस हजारांचा क्लास लावू का?

"ताई, मी परभणी जिल्ह्यातली. बी.एस्सी. अ‍ॅग्री करून आता वनस्पती जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते आहे. विषय तुरीवरचा मर रोग. या रोगाला दाद न देणारा एक वाण आणि हमखास बळी पडणारा एक, दोन्हींची रोपं बुरशी देऊन आणि न देता कुंड्यांत वाढवली, मुळांतला आरएनए काढला आणि सिक्वेन्सिंगला पाठवला. एकूण बारा नमुने. कंपनीकडून एक एक्सेल फाइल आली, त्यात 'अप' (वाढलेल्या) आणि 'डाउन' (घटलेल्या) जनुकांच्या याद्या. सर म्हणाले, हे विश्लेषण तुझं तुला करता आलं पाहिजे, आर ही संगणकभाषा शिकून घे. मी चार मोफत कोर्स सुरू केले, चारही दुसऱ्या आठवड्यात सुटले. आता तीन महिन्यांचा एक ऑनलाइन क्लास सापडलाय, फी पंचेचाळीस हजार. बाबा म्हणतात, सोयाबीनचे पैसे आलेत, भर. माझा लॅपटॉप चार जीबीचा, इंग्रजी बेताचं, आणि गणिताची तर भीतीच वाटते. क्लास लावू का? आर शिकू की पायथन? की हे माझ्यासारखीचं कामच नाही?"

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

क्लास लावू नकोस. सोयाबीनचे पैसे घरात राहू देत. त्या क्लासात जे शिकवतील ते ही साधनं बनवणाऱ्या माणसांनीच लिहून फुकट ठेवलेलं आहे, आणि ते जास्त चांगलं आहे. शिवाय तुझे चार कोर्स का सुटले असतील याचा मला अंदाज आहे. त्यांतल्या एकातही तुझा असा प्रश्न नव्हता. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून आल्यावर रात्री कुणा परक्या दुकानाच्या विक्रीचे आलेख काढायला कुणाला उमेद राहते? पाचवा कोर्सही असाच सुटेल, आणि त्यावर फी भरलेली असली की बाबांना सांगायची चोरी होईल. ते ओझं नको.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी या विषयात येणाऱ्या बहुतेकांकडे नसते. तू आरबीडी, म्हणजे ब्लॉक पाडून केलेला प्रयोग (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन), मांडलेला आहेस. शेताला एका अंगाला उतार असतो, खालच्या बाजूला ओल जास्त, म्हणून आपण शेताचे ब्लॉक पाडतो आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून बसवतो. मग अ‍ॅनोव्हाच्या तक्त्यात ब्लॉकमुळे पडलेला फरक बाजूला काढून उरलेल्यातून ट्रीटमेंटचा फरक शोधतो. हे तू वहीत हाताने गणित करून सोडवलेलं आहेस. आता बघ.

आरएनए-सेक (आरएनए वाचून कोणतं जनुक किती चालू आहे ते मोजण्याची पद्धत) शिकणारी माणसं जगभर एका विदासंचावर हात बसवतात. त्याचं नाव 'एअरवे'. माणसाच्या श्वासनलिकेतल्या स्नायूपेशी, चार वेगवेगळ्या व्यक्तींच्या. प्रत्येकीच्या पेशींचा एक भाग तसाच ठेवला आणि एका भागाला डेक्सामेथासोन दिलं. हे तेच औषध, कोविडच्या काळात घराघरांत ऐकलेलं. चार गुणिले दोन, आठ नमुने. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आता मला सांग, ब्लॉक कोणता आणि ट्रीटमेंट कोणती? चार व्यक्ती म्हणजे चार ब्लॉक, औषध ही ट्रीटमेंट. परभणीच्या शेतातला आरबीडी आणि हा प्रयोग यांची मांडणी एकच आहे. आरमध्ये ती एका ओळीत लिहितात: आधी पेशींचा स्रोत, मग अधिकचं चिन्ह, मग औषध. त्या ओळीला 'डिझाइन फॉर्म्युला' असं भारदस्त नाव आहे, पण तुझ्या अ‍ॅनोव्हा तक्त्याच्या डाव्या रकान्यात जे लिहितेस तेच ते. ही सगळी विद्या जन्मली तीही शेतातच. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी प्लॉटच्या उत्पन्नावर काम करताना ती घडवली. त्यामुळे 'माझ्यासारखीचं काम नाही' हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

फरक एकच आहे, आणि तो नीट समजून घे. उत्पन्न क्विंटलमध्ये येतं, जनुकांचं मोजमाप मात्र मोजणीत येतं. अमुक जनुकाचे तुकडे या नमुन्यात किती सापडले: शून्य, सात, बाराशे. या मोजणीला साधा अ‍ॅनोव्हा लावता येत नाही. पण मोजणीचीही तुला सवय आहे. तुरीवरची घाटे अळी मोजायला गेलेली आहेस ना? दहा झाडं बघितली की सात झाडांवर काही नाही, दोघांवर एकेक, आणि एखाद्या झाडावर आठ. सरासरी एक येते, पण विखुरणं सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. कीटकशास्त्राच्या सरांनी तिथे 'निगेटिव्ह बायनॉमियल' वितरणाचा उल्लेख नक्की केला असेल. जनुकांच्या मोजणीतही हेच होतं. एकाच वाणाची तीन रोपं, एकाच दिवशी काढलेली, तरी एखाद्या जनुकाची मोजणी तिघांत बरीच खालीवर होते. म्हणून डीसीक-२ आणि एजआर ही आरमधली जनुकांच्या मोजणीचं विश्लेषण करणारी दोन्ही पॅकेजं त्याच वितरणावर उभी आहेत. त्यांचं खरं कसब पुढे आहे. तीन रोपांवरून एका जनुकाचं विखुरणं ठरवणं फार कच्चं असतं, म्हणून ती हजारो जनुकांकडे एकदम बघतात आणि प्रत्येकाचा अंदाज इतरांच्या आधाराने सावरतात. एवढं कळलं की डीसीक-२ ची अर्धी पुस्तिका वाचून होते.

आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. तुरीचा जीनोम 'आशा' या वाणावरून वाचला गेला, त्या पहिल्या मांडणीत ४८,६८० जनुकं नोंदवली आहेत. समज तुझ्या बुरशीने कशावरच काही परिणाम केला नाही. तरी प्रत्येक जनुकाची चाचणी पाच टक्क्यांच्या पातळीवर केलीस तर साधारण २,४०० जनुकं निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' निघतील. यावरचा उपाय बेंजामिनी आणि होचबर्ग यांनी १९९५ साली दिला, आणि निकालाच्या तक्त्यात तो 'पी-अ‍ॅडजस्टेड' या रकान्यात असतो. कंपनीने 'अप' आणि 'डाउन' ठरवताना कोणता रकाना वापरला, ते फाइल उघडून आधी बघ. साधी पी-व्हॅल्यू वापरून केलेल्या याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, कारण कंपनीच्या फाइलमध्ये त्याचं उत्तर बहुधा नसणारच. दाद न देणाऱ्या वाणात बुरशीमुळे बदललेली जनुकं ही एक यादी, बळी पडणाऱ्या वाणात बदललेली ही दुसरी, आणि मग दोन वर्तुळं काढून 'फक्त पहिल्यात आहेत ती रोगप्रतिकाराची जनुकं' असं म्हणायचं. असं करू नकोस. एखादं जनुक एका वाणात सीमेच्या जरा आत आणि दुसऱ्यात जरा बाहेर पडलं, एवढ्यावरून दोन वाणांची वागणूक वेगळी आहे असं ठरत नाही. तुला विचारायचं आहे ते असं: बुरशीमुळे होणारा बदल एका वाणात दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे का? फॅक्टोरियल प्रयोगात खत आणि वाण यांची 'इंटरअ‍ॅक्शन' काढतेस, तीच ही. डिझाइनच्या ओळीत एक पद वाढतं, बस्स. तुझ्या प्रबंधाचा गाभा त्या एका पदात आहे.

म्हणून शिकायला बसण्याआधी कंपनीला एक मेल लिही. पैसे भरलेले आहेत, मागताना संकोच करू नकोस. बाराही नमुन्यांच्या मूळ फास्टक्यू फाइली (यंत्राने वाचलेले कच्चे तुकडे) माग. कच्च्या मोजणीचा तक्ता माग, पूर्णांकांतला. एफपीकेएम किंवा टीपीएम असं काही (आधीच प्रमाणात बसवलेले आकडे) पाठवलं तर ते डीसीक-२ ला चालत नाही, त्याला कच्चीच मोजणी लागते. नमुने किती खोल वाचले याचा हिशेब ते स्वतः जुळवून घेतं. तुरीच्या जीनोमची कोणती आवृत्ती वापरली तेही विचार. आणि तुझ्या स्वतःच्या वहीतून एक तक्ता तयार कर: नमुन्याचं नाव, वाण, बुरशी दिली की नाही, कुंडी क्रमांक, आरएनए काढल्याची तारीख, कुणी काढला. तारखेचा रकाना बारीक नजरेने बघ. एका वाणाचे सहाही नमुने सोमवारी आणि दुसऱ्याचे सहाही गुरुवारी काढले असतील, तर वाणांतला फरक आणि दिवसांतला फरक कोणत्याही सॉफ्टवेअरला वेगळा करता येणार नाही. तसं असेल तर सरांना आत्ताच सांग. सुदैवाने बुरशी दिलेली आणि न दिलेली रोपं एकाच दिवशी हाताळली असतील तर तुझा मुख्य प्रश्न बराचसा वाचतो. आणि प्रत्येक गटाच्या तीन प्रती (रेप्लिकेशन) म्हणजे तीन वेगळ्या कुंड्या असल्या पाहिजेत. एकाच रोपाचा आरएनए तीन नळ्यांत वाटला असेल तर ती प्रत धरता येत नाही.

इथे मला माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगायचा आहे. कामाला लागल्यावर माझ्या हातात पहिल्यांदा बारा नमुन्यांचा संच आला. नावं एस-१ ते एस-१२. मोजणीच्या फाइली संगणकाने नावानुसार लावल्या: एस-१, एस-१०, एस-११, एस-१२, आणि मग एस-२. माझा नमुन्यांचा तक्ता मात्र एक ते बारा असा सरळ क्रमाने होता. डीसीक-२ हा क्रम स्वतः जुळवत नाही, तू देशील तो खरा धरतं. कुठलीही चूक दाखवली गेली नाही, निकाल आला, सुबक आलेख आले. दोन आठवडे मी त्या निकालांतून जीवशास्त्राचा अर्थ काढत बसले होते. पकडलं ते पीसीएच्या चित्राने; त्यात प्रत्येक नमुना एक ठिपका असतो आणि सारखे नमुने जवळजवळ येतात. जे तीन ठिपके शेजारी हवे होते ते चित्राच्या तीन कोपऱ्यांत होते. तेव्हापासून मोजणीच्या रकान्यांची नावं आणि नमुन्यांच्या तक्त्यातली नावं एकास एक जुळतात का, हे तपासणारी ओळ मी प्रत्येक कामात सर्वांत आधी लिहिते.

हे किती महाग पडू शकतं याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून २००६ साली एक शोधनिबंध आला: गाठीतली जनुकं बघून कोणत्या रुग्णाला कोणती केमोथेरपी लागू पडेल हे सांगता येतं. ह्यूस्टनच्या कर्करोग संस्थेतले कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तोच विदा घेऊन गणित पुन्हा मांडायला घेतलं. त्यांना दिसलं की जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या आहेत, आणि काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे ही नावंच उलटी पडली आहेत. त्यांनी हे २००९ साली छापलं. तोवर त्या पद्धतीवर खऱ्या रुग्णांचे उपचार ठरवणाऱ्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या २०१० मध्ये बंद झाल्या आणि मूळ निबंध नंतर मागे घेतला गेला. एका ओळीची सरक, आणि तीही माउसने केलेल्या कामात शोधायला अवघड. सर तुला आर शिक म्हणतात त्याचं खरं कारण मला हे वाटतं. लिहिलेला कोड दुसऱ्याला ओळीनं वाचता येतो.

एक्सेलबद्दलही सांगते. माणसाच्या काही जनुकांची नावं 'सेप्ट-१', 'मार्च-१' अशी होती. एक्सेल त्यांची परस्पर तारीख करून टाकायचं. हा घोळ छापील निबंधांच्या पुरवण्यांत इतका पसरला की शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. कंपनीची एक्सेल फाइल वाचायला उघड, पण त्यातून काही सेव्ह करून पुढे नेऊ नकोस.

आर की पायथन? आर. तुला लागणारी साधनं तिथे आहेत, एवढंच कारण पुरेसं आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर घडवलं, आणि त्याच जेंटलमन यांनी २००१ मध्ये जनुकविज्ञानासाठी बायोकंडक्टर प्रकल्प सुरू केला. डीसीक-२, एजआर, लिमा ही सगळी पॅकेजं तिथली. पायथन पुढे कधीतरी शीक, तेव्हा 'रोझलिंड' या संकेतस्थळावरची जीवशास्त्रातली कोडी सोडवत शीक, फार छान आहेत. आत्ता नको.

पहिले तीन आठवडे नुसतं आर. आरस्टुडिओ उतरवून घे आणि आरच्या आतच धडे देणारं 'स्वर्ल' हे पॅकेज चालव. ते एक ओळ सांगतं, तू लिहितेस, चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. हॅडली विकम आणि सहकाऱ्यांचं 'आर फॉर डेटा सायन्स' जालावर मोफत आहे. त्यातलं फाइल वाचणं, गाळणं, जोडणं आणि आलेख काढणं एवढंच वाच, बाकी राहू दे. रोज पाऊण तास, पण रोज. पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. मी इतकी वर्षं हे करते आहे, तरी आलेखाच्या अक्षावरची नावं तिरकी कशी करायची हे दर वेळी बघूनच लिहिते.

मग एअरवे. बायोकंडक्टरवर डीसीक-२ च्या कर्त्यांनीच लिहिलेला आरएनए-सेकचा एक सविस्तर पाठ आहे. तो याच आठ नमुन्यांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो. ओळी चिकटवू नकोस, हाताने टाइप कर. त्यात एके ठिकाणी औषध न दिलेला गट मुद्दाम पाया म्हणून ठरवतात. ते का, हे समजून घे. क्रम सांगितला नाही तर आर गटांची नावं वर्णानुक्रमाने लावतं आणि पहिलं नाव पाया धरतं. तिथे गटांची नावं 'टीआरटी' (औषध दिलेला) आणि 'यूएनटीआरटी' (न दिलेला) आहेत. 'टी' हे अक्षर 'यू' च्या आधी येतं, म्हणून औषध दिलेला गटच पाया होतो, आणि वाढलेली सगळी जनुकं घटलेली दिसायला लागतात. तुझ्या संचात 'डिसीझ्ड' आणि 'हेल्दी' अशी नावं असतील तर 'डी' आधी येतो, आणि तुझीही तीच गत होईल. तपासायचं कसं? एफकेबीपी-५ आणि पीईआर-१ ही जनुकं डेक्सामेथासोनने वाढतात हे आधीपासून माहीत आहे. ती वाढलेली दिसली तर दिशा बरोबर. तुरीसाठीही अशी दोन-चार ओळखीची जनुकं सरांना विचारून ठेव.

संख्याशास्त्र अडेल तिथे जॉश स्टार्मर यांच्या स्टॅटक्वेस्ट वाहिनीवर तेवढ्याच विषयाचा व्हिडिओ बघ. ते इतके सावकाश बोलतात की इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं. पुढे जायचं असेल तर सुझन होम्स आणि वुल्फगँग ह्यूबर यांचं 'मॉडर्न स्टॅटिस्टिक्स फॉर मॉडर्न बायॉलॉजी' पूर्णच्या पूर्ण जालावर आहे. ते अवघड आहे. प्रबंध जमा झाल्यावर उघड.

लॅपटॉपची काळजी करू नकोस. ४८,६८० ओळी आणि बारा रकाने म्हणजे पाच लाख ८४ हजार आकडे, जेमतेम पाच एमबी. चार जीबीत ते आरामात बसतं, फक्त ब्राउझरचे वीस टॅब बंद ठेव. फास्टक्यू फाइली मात्र तुझ्या यंत्रावर उघडायच्या नाहीत. त्या 'गॅलक्सी' या मोफत सेवेवर चढव, तिथे दर्जा तपासणं, जीनोमवर बसवणं आणि मोजणं ब्राउझरमधूनच होतं, आणि प्रत्येक पायरीचे धडे गॅलक्सीच्याच प्रशिक्षण संकेतस्थळावर आहेत. कंपनीची मोजणी आणि तुझी मोजणी एकदा शेजारी ठेवून बघायला मिळेल, हा मोठा फायदा. पुढे लिनक्स लागलं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात.

इंग्रजीचं म्हणशील, तर कोडमध्ये हॅशच्या पुढे लिहिलेलं आर वाचत नाही. तिथे बिनधास्त मराठीत लिही: 'इथे नमुन्यांचा क्रम तपासला', 'हे सरांनी सांगितलं म्हणून दहापेक्षा कमी मोजणीची जनुकं काढली'. फाइलींची नावं तेवढी इंग्रजीत आणि मोकळी जागा न सोडता ठेव.

क्लासमधून एकच गोष्ट विकत मिळते: अडल्यावर विचारायला माणूस. ती सोय मात्र तुला करावी लागेल, एकटीने हे होत नाही. तुमच्या कृषी संख्याशास्त्र विभागातल्या कुणाला तरी जाऊन भेट. त्यांना जनुकं येत नसतील, पण इंटरअ‍ॅक्शन तुझ्यामाझ्यापेक्षा चांगली येते. आणि वर्गातली एखादी मैत्रीण, जिचाही डेटा असाच पडून आहे, तिला सोबत घे.

मेल आजच लिही, कंपन्या मूळ फाइली फार दिवस सांभाळत नाहीत. कच्ची मोजणी आली की दुसरं काही करण्याआधी पीसीए काढ. बारा ठिपके येतील. वाणाला रंग दे, बुरशीला आकार दे, आणि प्रत्येक ठिपक्यावर कुंडी क्रमांक लिही. तीन-तीनचे चार पुंजके दिसले तर पुढे जा. एखादा ठिपका परक्या पुंजक्यात जाऊन बसला असेल तर थांब, त्या कुंडीचं वहीतलं पान काढ, आणि चित्र व पान दोन्ही मला पाठव.